चीक

केळीचा चीक लागतो तेव्हा दिसत नाही.
पाण्यासारखा असतो. घड कापला
की दांड्यातून ओघळतो खांद्यावर,
वाटतं घामच आहे.
सदरा धुतल्यावर कळतं.
मग तो डाग सदऱ्याइतकाच जगतो.

चाळीस वर्षं मी घड वाहिले रावेरच्या मळ्यांतून.
माझा एकही सदरा पांढरा नव्हता
आणि मला त्याचं काही नव्हतं.

साठी आली, खांदा गेला, मी देवाकडे वळलो.
पांढरं घालू लागलो.
कांदा सोडला, लसूण सोडला,
वांगं सोडलं.
खान्देशात राहून वांगं सोडलं
हे वाक्य मी हळूच म्हणतो,
पण पूर्ण म्हणतो.

चंपाषष्ठी झाली की मळ्यामळ्यांत धूर.
तुराट्यांवर वांगी भाजतात, बडगीत कुटतात,
हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी.
मी जातो. बोलावतात म्हणून जातो.
घरून डब्यात दूध आणि दोन केळी नेतो
आणि पंगतीपासून दूर बसतो.
फार दूर नाही,
दिसेन इतपत दूर.
कोणीतरी म्हणतंच, ‘आप्पा, थोडं तरी घ्या.’
त्या ‘थोडं तरी’ची वाट पाहत
मी केळं फार हळू सोलतो.

दत्ताच्या देवळात सप्ताह बसला
तेव्हा मी जोडे सांभाळायची सेवा घेतली.
गाभाऱ्याशी बसणाऱ्यांची कीव यायची मला,
पुढे पुढे करतात बिचारे.
मी पायरीखाली, मातीत, गावाच्या चपलांमध्ये.
माझ्याहून खाली कोणी नाही
हे मी मान वर करून पाहत असे.

ठगूबाई रोज उशिरा यायची, केळीची गाडी भरून.
चपलेचा अंगठा सोपटाने बांधलेला.
तिसऱ्या दिवशी थांबली, म्हणाली,
‘आप्पा, तुमी अंदर काबरं बसत नही?
मांडी घालता येत नही का?’

माझं तोंड उघडं ते उघडंच.
नम्रता आहे ही, माय,
हे नम्रपणे सांगायचं कसं?
ती आत गेली, खांबाला टेकली
आणि पहिला अभंग सुरू व्हायच्या आत घोरू लागली.

समाप्तीला माइकवर आभार.
मंडपवाला, आचारी, जनरेटरला डिझेल देणारा,
पेटीचा भाता सांधून देणारा सावद्याचा पोरगासुद्धा.
जोड्यांचं कोणी काही बोललं नाही.
मी हात जोडून उभा. चेहऱ्यावर हसू.
आत हिशेब: सात दिवस, रोजचे दीडशे जोड,
एकही हरवला नाही.
रात्रभर डोळा लागला नाही.
पहाटे माळ घेतली
तर एकेका मण्यावर
आभार मानलेल्यांचीच नावं येत गेली.

प्रमिला मोरीत कपडे आपटत होती.
माझा सदरा उजेडात धरून म्हणाली,
‘हा डाग कुठला? आता तर तुमी मळ्यात जात नही.’
खांद्यावर नव्हता.
छातीवर होता,
हात जोडल्यावर जिथे बोटं टेकतात तिथे.
म्हटलं, ‘केळं सोलताना पडला असेल.’
‘मग लवकर सोलत जा,’ ती म्हणाली
आणि पुढचा कपडा घेतला.

हे सगळं मी आता पारावर सांगतो.
स्वतःचं हसं करून सांगतो,
ठगूबाईचा आवाजही काढतो.
लोक म्हणतात, ‘आप्पा,
एवढं स्वतःला पाहणं सोपं नही.’
मी म्हणतो, ‘छे, छे.’

आणि उठत नाही लगेच.
ते आणखी एकदा म्हणतील म्हणून.