लाल दोरा

परवा तबास्की. रुफिस्कच्या आमच्या गल्लीत
दारोदार एकेक मेंढा बांधलेला,
आणि अख्ख्या गल्लीत फ्रिज एकच. माझा.
म्हणजे परवा दुपारपासून
सात घरांचं मटण माझ्या उंबऱ्यात,
आणि माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता
मूठ घालायलाही जागा नाही.

एवढा बर्फ एका दिवसात साचत नाही.
पोरं येतात, पंचवीस फ्रँकला गोठलेलं सरबत मागतात.
अंबाडीच्या बोंडांचं लाल हवं
की गोरखचिंचेचं पांढरं,
हे ठरेस्तोवर दार उघडंच.
समुद्रावरची दमट हवा बिनबोलावता आत शिरते,
भिंतीला टेकते,
पाहुणी म्हणून आलेली घरची होऊन बसते.

रात्री दहाला प्लग काढला.
होतं नव्हतं ते पोत्यात गुंडाळून टबात,
खाली इब्राचा जुना झगा अंथरला,
आणि उकळत्या पाण्याचं पातेलं आत ठेवलं.
"सुरी आणू?" सेयनाबूनं विचारलं.
सुरी नको गं.
पलीकडच्या गल्लीतल्या खाटकाच्या बायकोनं
सुरीनं बर्फ खरवडला होता.
आतली नळी फुटली, एकदाच फुस्स झालं.
आता त्या फ्रिजमध्ये ती कांदे ठेवते.

मग बसलो. थेंब. थेंब.
एक कपची सुटली, पत्र्यावर आदळली,
अंगणातला मेंढा दचकून बें म्हणाला.
एक चमचा निघाला, वर्षापूर्वी हरवलेला.
पोरगी पेंगायला लागली.
पाणी बदललं, पुन्हा उकळलं.

आणि मागच्या भिंतीपाशी काहीतरी निळं.
निळं प्लास्टिक. त्यावर लाल दोरा.
दोन वेढे, वर आडवी गाठ.
अशी गाठ या गल्लीत एकच बाई मारते.

मारेम. भिंतीपलीकडची.
गेल्या तबास्कीला तिनं सहा पुड्या ठेवल्या,
न्यायला आली तेव्हा पाच.
"मला काय मोजता येत नाही?" ती म्हणाली.
"मी काय तुझं मटण खाल्लं?" मी म्हणाले.
बस, एवढंच.
मग वर्षभर एकाच नळावर दोघींच्या बादल्या
आणि तोंडं दोन दिशांना.
तिची पोरं सरबताला खाटकाच्या गल्लीपलीकडे जायची.
मी आईची शपथ घेतली होती,
आणि हा फ्रीजर माझ्याच घरात
तोंडात पुडी धरून गप्प.

रात्री एक वाजता भांड्यात पुडी घेऊन गेले.
ती जागीच होती, लेकीच्या ईदच्या कपड्यांना काज करत.
पुडी तिनं हातात घेतली नाही.
नुसती गाठ अंगठ्यानं चाचपली.
मी शब्द तयार ठेवले होते,
थोडे माफीचे, जास्त भांडणाचे.
ती म्हणाली, "रबर बघितलंस?"

"कसलं रबर?"
"दाराचं. एवढा बर्फ काय उगाच होतो?"

डोक्याचं फडकं सारखं करत आली.
कमरेच्या गाठीतून हजाराची नोट काढली,
दारात धरली, दार लावलं, ओढली.
वर अडकते. बाजूला अडकते.
खालच्या कोपऱ्यात सुळकन बाहेर.
"इथून," म्हणाली.
चुणीत वर्षाचं सरबत वाळून काळं झालेलं,
पोरांच्या बोटांनी थेंब थेंब आणून दिलेलं.

कोमट पाणी, साबण, झिजलेला ब्रश.
ती घासत होती, मी बॅटरी धरली होती.
"नीट धर," म्हणाली. धरली.
रबर पुसून कोरडं केलं,
पुन्हा नोट लावली. नोट निघेना.
पहाटेच्या बांगेला प्लग लावला.
मोटर खोकली, थांबली, आम्ही दोघी श्वास रोखून,
मग घरघरत लागली.

पुडीतलं मटण मांजरांना गेलं.
दोरा मात्र तिनं नखानं सोडवला,
नळाखाली धुतला, मनगटाला गुंडाळला.
परवा लागेल, म्हणाली.