व्याख्येकडे जा

सकाळी नऊ दहाला एडिटरने विचारलं,
नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का?
मी कपातून चहाची पिशवी काढत होते.
घे म्हटलं.
हॅलिफॅक्समध्ये छत्री घरी ठेवतानाही
मी यापेक्षा जास्त विचार करते.

मग एफ-बारा दाबलं
आणि काहीच झालं नाही.

कर्सर त्या नावावर लुकलुकत उभा,
दार वाजवून थांबलेल्या माणसासारखा.
खाली एक ओळ, बारीक, राखाडी :
व्याख्या सापडली नाही.
कुठे कुठे वापरलंय ते विचारलं, तर म्हणे, कुठेच नाही.
कुठेच नाही!
ज्याच्या भरवशावर डोंगरावरची तीन धरणं
रात्री झोपतात,
ते टेम्प-टू, कुठेच नाही.

“माझंही मेलंय,” जुनैद म्हणाला.
तो सेटिंग्जमध्ये शिरला, मी फायलींत.

नुसता शब्द शोधला तर चारशे तेरा ओळी
भसकन अंगावर आल्या.
हवी ती त्यातच कुठेतरी, तांदळातल्या खड्यासारखी.

सहा वर्षं झाली मला या कोडमध्ये.
गल्ली न् गल्ली ठाऊक आहे असं वाटायचं.
खरं तर मी नुसत्या उड्या मारत होते :
बोट टेकवलं की पलीकडच्या ओट्यावर,
पुन्हा बोट, पुन्हा अलीकडे.
मधली वाट कधी पायाखालून गेलीच नव्हती.

आज चालले.
झडप, झडप_जुनी, झडप_खरी,
मग कुणीतरी वैतागून ठेवलेली झडप_खरंच_खरी.
एक फंक्शन अख्खं रिकामं, आत एकच शब्द : नंतर.
काखेत कळसा असता तरी चाललं असतं,
इथे काखच सापडेना.

दोनच्या सुमारास, सँडविच तसंच,
दोन हजार एकशे सहाव्या ओळीवर टेम्प-टू.
चार ओळी.
आलेला आकडा शंभरातून वजा करायचा, परत द्यायचा.
वर लिहिलेलं :
हात लावू नका. उलटंच बरोबर आहे. टी. जी., मार्च ९८.

टी. जी. म्हणजे ट्रेव्हर ग्रीनवुड.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
नंबर ऑफिसकडे नव्हता, कॅन्टीनच्या मॉरीनकडे होता.

फोन उचलला तेव्हा तो लीकच्या वाफ्यात होता,
तिकडचा वारा माझ्या कानात.
“टेम्प-टू? अजून आहे ते?”
आणि हसला, चांगलं पोटभर.
“अगं लव, ते तात्पुरतं होतं.”

वरच्या धरणाच्या चेंबरमध्ये
पातळी मोजणारं यंत्र फिटरने उलटं बसवलेलं.
भरलेलं धरण स्वतःला रिकामं म्हणायचं.
चेंबर कोरडं करा, क्रेन आणा, आठ माणसं आणा,
त्यापेक्षा चार ओळी स्वस्त.
“शुक्रवार होता,” तो म्हणाला.
“सोमवारी नीट करणार होतो.”

मी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.
डोंगर नव्हता, धुकं होतं.
त्याच्यामागे कुठेतरी, अंधारात, गाळात
एक पितळी डबा
पंचवीसवर वर्षं शीर्षासन करून उभा,
आणि मी त्याची व्याख्या
फोल्डरमध्ये शोधत होते.

सव्वाचारला जुनैदने एक लपलेलं फोल्डर उडवलं,
एडिटर बंद करून पुन्हा उघडला.
खाली निळी पट्टी सरकत गेली :
सूची बनवतोय, बनवतोय, झाली.
एफ-बारा.
पापणी लवायच्या आत दोन हजार एकशे सहा.
“झालं बघ,” म्हणाला, बॅग खांद्याला लावून.

निघण्याआधी ट्रेव्हरच्या ओळीखाली मी भर घातली :
कारण, चेंबरचं नाव, त्याचा नंबर,
आणि त्याने दोनदा बजावलेलं,
सप्टेंबरातल्या रविवारी फोन करू नये,
लीकचं प्रदर्शन असतं.

टेम्प-टूचं नावही बदलावं असं मनात आलं.
एका जागी बदललं की चारशे तेरा जागी बदलतं,
तेही आता पुन्हा चालू झालं होतं.
अर्धं टाइप केलं.
मग एस्केप दाबलं.

सोमवारी बघू.