फळा पुसताना

लिस्बनच्या वर्ग क्रमांक चौदामध्ये
कालचा समाज अजून फळ्यावर आहे:
एक त्रिकोण, त्यात आडव्या रेघा,
'संघर्ष'खाली दोनदा ओढलेली रेघ.

सर आधी म्हणाले, समाज म्हणजे देह,
ज्याचं त्याचं काम नेमून दिलेलं.
मग म्हणाले, छे, रस्सीखेच.
मग, नाटक; जो तो आपापलं सोंग वठवतो.
मी सगळं उतरवून घेतलं.

आज विसरलेली छत्री न्यायला लवकर आलो.
ती फडकं पिळत होती.
अमादोराहून पहिल्या बसनं येते म्हणे.
"बों दिया," मी म्हणालो.
तिनं पाहिलं, माझ्यामागे कोण आहे ते.
दोन वर्षं इथं बसतोय;
नाव आज बिल्ल्यावर वाचलं: झुल्मिरा.

हात पुरतो तिथवरच ती पुसते.
आधी तळ जातो, हमालांचा थर,
मग कारकून, मग दुकानदार.
शेंडा राहतो. रोजच राहतो.

मी उंच. फडकं मागितलं.
"नको, मुकादम ओरडेल.
खुर्चीवर चढायची तर मलाही बंदी आहे."

नऊला सर आले,
खडू झटकला,
आणि उरलेल्या शेंड्याखाली
पुन्हा पाया काढू लागले.