मागचे पाय

थेल्मा एंटविसलच्या हिशेबाच्या वह्या
सत्तावीस वर्षं माझ्याकडे होत्या.
तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे
ते थोडं जमेला, बाकी सगळं नावे.

पहिल्या वहीला अजून मासळीचा वास येतो.
फ्लीटवुडच्या धक्क्यावर लिलाव संपला
की बर्फाचे खोके लोटून ती रंगमंच मांडायची,
नुकत्याच उतरलेल्या खलाशांसाठी, शनिवारी:
एक जादूगार, दोन जाड्या बहिणी,
आणि करवतीवर कमान ओढून
दांडग्या माणसांना रडवणारा एक सुतार.
तिकीट नाही. जाताना टोपीत टाका.
नोंद आहे, तिच्याच अक्षरात:
"टोपीत साडेचार पौंड, एक बटण, एक मासा (ताजा)."

मग नाताळची पँटोमाइम. कापडी घोडा,
आत दोन माणसं.
पुढच्याचं नाव पोस्टरवर, मागच्याचं कुठेच नाही.
तिसरी घंटा झाली आणि मागचे पाय
पिऊन कुठेतरी पडलेले.
निर्मातीबाईच वाकून आत शिरल्या.
अकरा प्रयोग, दुसऱ्याची कंबर धरून,
घामेजल्या काळोखात.
"टाळ्या येतात रे आत," ती मला म्हणाली,
"पण कुणाच्या नावाच्या, ते कळत नाही."
तेव्हापासून पगाराच्या पाकिटांचा क्रम ठरला:
आधी मागचे पाय.
मग पुढचे, मग राजकन्या, मग वादक.
उरलंच तर थेल्मा.

फार वेळा उरलं नाही.

बर्फावरच्या नाचाचं वर्ष तुम्हाला सांगायलाच हवं.
जुलै, उकाडा, यंत्र बंद पडलेलं,
घोटाभर पाण्यात उभ्या चोवीस पोरी, पायात पात्यांचे बूट.
हिने ध्वनिक्षेपक घेतला आणि जाहीर केलं:
सरोवर!
लोक भिजले, हसले, पुन्हा आले.
तीन आठवडे हाऊसफुल्ल.
मी विचारलं, बर्फाचा खर्च कुठे दाखवू?
म्हणाली, लिही, पाणी.

नंतर बोटींवरचे जलसे. हॉटेलातली खुनाची जेवणं,
जिथे दर शुक्रवारी सूप संपायच्या आत
निवृत्त पोस्टमन कथबर्ट मरायचा,
आणि एकदा एका पाहुण्याने खरे पोलीस बोलावले.
एका तुरुंगात भुतांची सहल. एका राजकीय पक्षाचं अधिवेशन
(त्याचे पैसे अजून यायचेत).

आणि मग नेल्सनची बंद पडलेली गिरणी.
तिने चाळीस माग तेल घालून पुन्हा सुरू केले,
आणि त्या गदारोळात बसवल्या
सत्तरी-ऐंशीच्या विणकरणी.
त्या तरुणपणी बोलायच्या तशाच बोलल्या,
आवाजाविना, ओठ मोठे करून, मागाच्या या टोकाहून त्या टोकाला:
नवरे, बाळंतपणं, कुणाची बोटं गेली ते.
एक शब्द ऐकू आला नाही.
माझ्या शेजारची म्हातारी प्रेक्षक मात्र
मध्येच खुदकन हसली,
तिला वाचता येत होतं.

लंडनहून लोक येऊन गेले, लिहून गेले.
त्या पानावर, नावेच्या बाजूला, एकच शब्द आहे:
घर.
रक्कम मी नंतर भरली.

गेल्या मंगळवारी तिला नेलं.
वारा असा की पाद्र्याचे कागद उडाले,
आणि मागून कुणीतरी "पुढचा प्रवेश!" ओरडलं.
त्रेचाळीस माणसं. सवय म्हणून मोजली.
चार जणांनी पेटी उचलली होती.
मी खिशातून पाकिटं काढली
आणि वळसा घालून आधी मागच्या दोघांकडे गेलो.
त्यातला पोरगा गोंधळला,
म्हणाला, साहेब, पैसे कंपनीला द्यायचे असतात.

म्हटलं, ठेव.
आमच्याकडे अशीच पद्धत आहे.