करोडगिरीची दोरी

धाराशिवात रात्रीचे साडेनऊ,
तिकडे संध्याकाळचे सहा, अजून उजेड.
मी हेडफोन चढवते.
डाव्या कानावरचा स्पंज गेलाय, तिथं रुमालाची घडी.

माझं काम सांगायला अवघड आहे.
आई गल्लीत सांगते, पोरगी विमानात आहे.
मी विमान आतून बघितलेलं नाही.
युरोपात ज्यांच्याकडे स्वतःचं चार खुर्च्यांचं विमान असतं
त्यांचे कागद भरते:
कोण, कुठून कुठं, सोबत कोण, सोबत काय.

पहिल्या महिन्यात पाढ्यासारखं पाठ केलं.
जर्मनीतून स्वित्झर्लंडात जा, माणसाला कुणी अडवत नाही,
सामानाला अडवतात.
फ्रान्समधून आयर्लंडात जा, चीज खुशाल जातं,
चेहरा दाखवावा लागतो.
इंग्लंडात दोन्ही,
आणि निघायच्या दोन तास आधी कळवायचं.
कुरणातल्या छोट्या धावपट्टीवर तर
कस्टमचा माणूस बसलेलाच नसतो.
आदल्या दिवशी सांगितलं तर गाडी काढून येतो.
हे मला लगेच समजलं.
आमचा तलाठी तसाच आहे.

त्या रात्री होल्त्सरचा फोन.
म्युनिककडचा दातांचा डॉक्टर,
सोबत एक कुत्रा, वाईनच्या दोन पेट्या.
ढग खाली आले, ठरलेलं गाव दिसेना,
म्हणून सरहद्दीपलीकडं जिथं गवत दिसलं तिथं उतरला.
तिथं नाका नव्हता.
मी नियम वाचून दाखवला:
विमानापासून लांब जाऊ नका. काही उतरवू नका.
माणूस येईपर्यंत थांबा.
किती वेळ?
दीड तास.
आणि कुत्र्याला लघवीला?
नियमात कुत्र्याच्या लघवीचं काही नव्हतं.
मी म्हटलं, पंखाखाली.

त्यानं फोन ठेवला नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता,
त्याच्या पत्र्यावर, माझ्या कानात.

दस्तगीरचाचा चहा घेऊन वर आला.
"इतक्या रात्री कुणाला अडवायलीस गं?"
सांगितलं.
तो पायरीवरच बसला, किटली मांडीवर.
"माझा बाप करोडगिरीचा चपराशी.
बार्शी रस्त्याला दोरी आडवी बांधायचा.
तिकडं इंग्रजी, इकडं मोगलाई.
कापडाला पैसे, काडेपेटीला पैसे.
बाया लई हुशार,
बार्शीहून दोन लुगडी एकावर एक नेसून यायच्या.
बाप म्हणायचा, नेसलेलं मोजायचा हुकूम नाही."
नाका उठला तेव्हा साहेब खुर्ची घेऊन गेला,
कारकून वही आणि शिक्का,
बापाच्या वाट्याला दोरी आली.
"त्याची त्यानं बाज विणली.
सात भावंडं त्या करोडगिरीवर झोपलो."

मी हे होल्त्सरला सांगितलं,
माझ्या इंग्रजीत. करोडगिरी तशीच ठेवली.
तो थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, वाईनच्या पेट्या अंगात घालता येत नाहीत.
चाचाला सांगितलं तेव्हा चहा सांडला.

पावणेदोन तासांनी माणूस आला, ओल्या टोपीचा.
कुत्र्याचा पासपोर्ट बघितला,
लस, तारीख, चिकटवलेला फोटो.
होल्त्सरचा कुणी मागितलाच नाही.
वाईनचे पैसे घेतले, पावती दिली.
गुड नाइट म्हणाले दोघंही, मला, कुत्र्यासकट तिघंही असतील.

माझ्या पासपोर्टचा अर्ज चैत्रापासून
पोलीस ठाण्यात आहे.
पत्ता सापडला नाही म्हणतात.
ठाण्यातून आमची गच्ची दिसते.

दोन वाजता खाली आले.
टपरीपुढं चाचाची बाज, आता सगळी नायलॉनची,
पायथ्याला तेवढे चार पेड जुने, काळे, तेलकट.
मी बोट लावून बघितलं.
रस्ता मोकळा होता. बार्शीकडून उसाचा एक ट्रॅक्टर येत होता,
गाणं लावून, दिवा एकच.

मी निघाले तर चाचानं हात आडवा धरला.
"कालचे दोन चहा राहिले."