कोरडं वजन

सावद्याच्या केळीच्या काट्यावर
बत्तीस वर्षं उभा होतो मी, मुरलीधर फेगडे.
घड टांगायचा, काटा ठरू द्यायचा, आकडा पुकारायचा,
दांड्याची कट वजा.

आता आठवड्यातून दोनदा भुसावळला
माझंच वजन होतं.
आत जाताना अडुसष्ट किलो चारशे,
बाहेर येताना सहासष्ट.
मधलं सगळं पाणी, सिंधू सिस्टर सांगते,
तुमचं खरं ते कोरडं वजन.
बत्तीस वर्षांत हा शब्द
मला कुणी दिला नव्हता.

मे महिना, पारा सेहेचाळीस.
दिवसाचं पाणी स्टीलचे चार पेले, चहा धरून.
केळं तर बायको उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.
बामणोदचं वांगंसुद्धा चिरून, उकळून,
पाणी मोरीत,
माझ्या ताटात वांग्याचा नुसता पत्ता.

हाताची नस जोडलीय, तिथं कान लावला
की घरघर येते,
रात्री दोनला शिवारातली मोटार चालू होते तशी.
लाइट आली, मी म्हणतो.
बायको झोपेतच विचारते, कुणाकडे?

लघवीला फेस यायचा, सात-आठ वर्षं.
मला वाटायचं, जोर आहे.
रक्ताचा आकडा नॉर्मल,
कागदावर छापलेलंच होतं तसं.

परवा आशाताई आली,
घरातल्या सगळ्यांपुढे एकेक डबी ठेवली.
धाकटा हेमराज लाजला. मला काय झालंय?
काही झालं नाही, म्हणूनच, ती म्हणाली.

त्याच्यात निघालं. किंचित.
डॉक्टरांनी रक्ताच्या आकड्यात वय घालून हिशेब मांडला,
गाळणी अजून बरीच शाबूत.
गोळी लिहिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर शुगरची.
हेमराजला शुगर नाही.
आता किडनीलाही देतात, डॉक्टर म्हणाले,
बरं होत नाही, घसरण मंद होते.

घसरण मंद होते.
पालच्या घाटात
भरला ट्रक उतरवणाऱ्याला विचारा
या तीन शब्दांचा भाव.

मला हेवा वाटला.
काट्यावरच्या माणसानं खोटं कशाला बोलावं.

आता रोज सकाळी तो माझ्यासमोर गोळी घेतो
आणि वर तांब्याभर पाणी, घटाघटा.
मी घोट मोजतो.
अकरा. बारा. तेरा.
कट न लावता.