एकतीस तारखेपर्यंत

कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर,
भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत
मी बोलले होते.
पंखा बंद, माइकला पायमोजा.
काचेपलीकडचं पोरगं म्हणालं, "ताई, हसून बोला.
महापालिका हसत नाही, तुम्ही तरी हसा."
एकदाच अडखळले. कागदावर जुना शब्द होता, अपंग.
त्यानं खोडून दिव्यांग केलं, मी पुन्हा म्हटलं.
ठरले पंधराशे, कापून आले तेराशे पन्नास.

तेव्हापासून रोज सव्वासातला
मी श्रमिकनगरचा चढ चढून येते, घंटागाडीच्या टपावरून.
आधी गाण्याची धून, मग मी:
ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा,
शनिवारी दुरुस्तीमुळे पाणी येणार नाही,
घरपट्टी आगाऊ भरा, सवलत घ्या,
दिव्यांग बांधवांनी अर्थसाहाय्याचे अर्ज
विभागीय कार्यालयात
एकतीस तारखेपर्यंत आणून द्यावेत.
आणि खाली मीच, गाऊनवर ओढणी टाकून,
दोन बादल्या घेऊन, माझ्याच मागे पळत.

मौले वहिनी म्हणतात,
"काय गोड बोलते बाई! हिला घरी काम नसणार."
मी सालं ओतते हिरव्या कप्प्यात.

घरी हे खुर्चीत.
अंबडला लेथवर एकोणीस वर्षं,
गेल्या आखाजीला उजवी बाजू गेली आणि शब्द गेले,
उरला एकच: बरं.
चहा हवा, बरं. चहा नको, बरं.
लाइट गेली, भाऊ येऊन रडून गेला, बरं.
अर्ज ड्रॉवरमध्ये, मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली.
काढायला गेले की यांचा डावा तळवा
ड्रॉवरवर येऊन बसतो.
गणपतीच्या ट्रॉलीला एकटा खांदा लावणारा माणूस,
त्याच्या नावापुढे तो शब्द
मी कितीही हसून म्हटला तरी.

सिव्हिलमधल्या बाईंनी चित्रं दाखवली होती:
केळं, कावळा, छत्री.
मी रात्र रात्र शिकवलं. काही नाही.
मग एका सकाळी गाडी वळणावर गेल्यावर
मागून आवाज आला,
"ओ... ला."
मी बादली तशीच धरून उभी.
"सु... का."
आनंद झाला, खोटं कशाला सांगू, आणि रागही आला.
माझ्याकडून नाही शिकले,
तिच्याकडून शिकले, त्या हसणारीकडून.

चार तारखेला सातपूरच्या कार्यालयात गेले,
सहीशिवाय, नुसतं विचारायला.
खिडकीतले तिदमे डबा उघडत होते.
"तारीख गेली ना, बाई.
गाडीवर रोज ओरडून सांगत होते. ऐकलं नाही का?"
म्हटलं, "ऐकलं."
त्यांनी मान वर केली. "आवाज कुठंतरी..."
आणि मेथीची भाजी दिसली त्यांना, विसरले.

गाडी अजून एकतीसच सांगते.
आज नऊ. कोणी बदललेलं नाही,
सगळ्या वसाहतींतून मी गेलेली तारीख
गोड गळ्यानं वाटत फिरतेय.
वडाळ्यात कोणी म्हातारी आशेनं उठली असेल,
सिडकोत कोणी रिक्षा ठरवली असेल,
शिव्या मलाच बसत असणार.

संध्याकाळी पोराचा फोन आला:
"ताई, मुदत वाढली. नवीन बोलायचंय, उद्या अकराला."
पोळ्या लाटता लाटता म्हणून पाहिलं,
"पंधरा तारखेपर्यंत आणून द्यावेत."
खोलीतून ठणठणीत उत्तर,
"एक. तीस."
"अहो, पंधरा."
"एक! तीस!"
तवा तापलेला, पोळी फुगलेली, मी भांडतेय,
वर्षभरात पहिल्यांदा भांडतेय यांच्याशी.
"पंधरा झालीय आता, वाढवलीय."
जरा वेळ काही नाही.
मग, "बरं."

आता हे कोणतं बरं,
ते हात पुसून बघायला गेले.
ड्रॉवर उघडा होता.
मिक्सरचं कार्ड खाली, फरशीवर.